केवड्याचं शास्त्रीय नाव कोणतं लिहायचं?

प्रश्न कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावातून आला आहे. तिथे ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही भरणं चालू आहे आणि केवड्याच्या ओळीपाशी काम अडलं आहे. एका जुन्या पुस्तकात पँडानस ओडोरॅटिसिमस, आयुर्वेदाच्या पुस्तकात पँडानस फॅसिक्युलॅरिस, अलीकडच्या एका यादीत पँडानस ओडोरिफर, आणि फोटो टाकला की मोबाइलवरचं अ‍ॅप सांगतं पँडानस टेक्टोरियस. यातलं कोणतं लिहायचं? शिवाय गावातल्या शिक्षकांची एक शंका आहे: केवडा माडाच्या कुळातला धरायचा का?

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. पँडानस ओडोरिफर लिहा. ओडोरॅटिसिमस आणि फॅसिक्युलॅरिस ही त्याच झाडाची मागे पडलेली नावं आहेत. ती समनाम म्हणून खाली नोंदवलीत तर चांगलंच, जुने संदर्भ शोधणाऱ्याला ती लागतात. टेक्टोरियस मात्र आपल्या किनाऱ्यावरच्या केवड्याला लावू नका. आणि केवड्याचं कुळ माडाचं नाही. कुळच काय, गणही (कुळाच्या वरची पायरी, ऑर्डर) वेगळा.

केवडा लांबून माडासारखा वाटतो हे खरं, पण जवळ गेलं की गल्लत होऊ नये. माडाची झावळी मोठी आणि चिरलेली. केवड्याचं पान एकसंध, लांब पट्ट्यासारखं, दोन्ही कडांना आणि खालून मधल्या शिरेवर काटे असलेलं. पानं तीन रांगांत लागतात आणि त्या रांगा पीळ घेत वर चढतात. पानं गळून गेल्यावर खोडावर उरलेल्या वणांतही तो पीळ दिसतो. इंग्रजीत याला स्क्रू-पाइन म्हणतात ते या पिळावरून. पाइनशी झाडाचा काही संबंध नाही. माडाचं खोड सरळसोट वाढतं, केवड्याला फांद्या फुटतात आणि खोडापासून निघालेली जाड आधारमुळं तिरकी होऊन वाळूत घुसतात.

डीएनएच्या आधारे एकदल वनस्पतींची जी फेरमांडणी झाली, तिने हा फरक आणखी स्पष्ट केला. केवड्याचा गण पँडानेलीस. त्याचा सर्वांत जवळचा गण डायोस्कोरिएलीस, म्हणजे कोनफळ आणि कणगीचा. माड, पोफळी, ताड यांचा अ‍ॅरेकेलीस हा गण दुसऱ्याच शाखेवर आहे, जिथे भात, केळ आणि हळदही आहेत. म्हणजे माड केवड्यापेक्षा भाताला जवळचा, आणि केवडा माडापेक्षा कोनफळाला. शाळेत हे सांगा, मुलांना आवडतं.

ज्यांनी कॉलेजात बेंथम आणि हूकर यांचं वर्गीकरण पाठ केलं आहे, त्यांना केवडा न्युडिफ्लोरी या गटात आठवेल. पाकळ्या-निदलं नसलेली फुलं हा त्या गटाचा धागा होता, म्हणून केवड्याच्या शेजारी पाणकणीस, अळू-सुरणाचं कुळ आणि तळ्यावर तरंगणारी टिकलीएवढी लेम्ना येऊन बसली होती. भारतातल्या बऱ्याच हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहांची, कपाटं आजही त्याच क्रमाने लावलेली आहेत, त्यामुळे नमुने बघायला गेलात तर केवडा तिथेच शोधा. पण नातं म्हणून तो क्रम आता टिकत नाही. पाणकणीस गवतांच्या गणात गेलं आहे. जुन्या शेजाऱ्यांपैकी खरं नातलग ठरलं ते फक्त सायक्लँथेसी हे अमेरिकेतलं कुळ. ज्याच्या पानांपासून इक्वाडोरात पनामा हॅट विणतात ते कार्लुडोव्हिका या कुळातलं. तेही लोकांना माडासारखंच वाटतं आणि तेही माड नव्हे.

आता नावांकडे येतो. पुढे प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज, असं धरून वाचा.

युरोपीय ग्रंथांत आपला केवडा फार लवकर येतो. डच अधिकारी हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड याने कोचीनला असताना मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, तो १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. त्यात कैदा या मल्याळी नावाखाली केवड्याची चित्रं आहेत. या ग्रंथासाठी इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनी काम केलं. त्यांचं कोंकणीतलं प्रमाणपत्र देवनागरीत पहिल्या खंडात छापलेलं आहे. आपल्या लिपीतला इतका जुना छापील मजकूर वनस्पतीशास्त्राच्या ग्रंथात आहे, हे प्रत्येक मराठी-कोंकणी वाचकाला ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. तिकडे आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर रुम्फियस या निसर्गअभ्यासकाने मलय भाषेतल्या पंडान या शब्दावरून पँडानस असं लॅटिन रूप केलं.

पण वनस्पतींच्या नावांचा हिशोब लिनियस या स्वीडिश वनस्पतीतज्ज्ञाच्या १७५३ च्या ग्रंथापासून सुरू होतो. त्याआधीची नावं कितीही चांगली असली तरी नियमात धरत नाहीत. म्हणून ऱ्हीडचं कैदा बाद आणि रुम्फियसचं पँडानसही त्याच्या नावावर जमा होत नाही.

पँडानसचं श्रेय आज जातं सिडनी पार्किन्सनकडे. हा कॅप्टन कुकच्या एंडेव्हर जहाजावरचा चित्रकार. परतीच्या प्रवासात बटाव्हिया सोडल्यावर १७७१ च्या जानेवारीत तो समुद्रातच वारला, आणि त्याची रोजनिशी भावाने १७७३ मध्ये छापली. तिच्यात ताहितीतल्या झाडांची जी यादी आहे, त्यात पँडानस टेक्टोरियस येतं. तिथले लोक या पानांनी घरं शाकारत, त्यावरून टेक्टोरियस. हवाईचे वनस्पतीतज्ज्ञ हॅरल्ड सेंट जॉन प्रजातीचं श्रेय स्टिकमन या लिनियसच्या विद्यार्थ्याला देत. त्यांच्या लेखांत पँडानस स्टिकमन असं दिसलं तर गोंधळू नका, प्रजाती तीच.

दुसरा धागा येमेनचा. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेत पेटर फोर्सकोल हा लिनियसचा शिष्य होता. १७६३ च्या जुलैमध्ये तो येमेनमधल्या यरीम गावी तापाने गेला. उरलेले लोक मोखाहून मुंबईला निघाले. चित्रकार वाटेत वारला, डॉक्टर १७६४ मध्ये मुंबईत वारला. मोहिमेतून जिवंत परतला तो एकटा कार्स्टन नीबूर, आणि त्याने फोर्सकोलची टिपणं १७७५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत केवड्याचं नाव आहे केउरा ओडोरिफेरा. केउरा हा उच्चार तुम्हाला ओळखीचा वाटेल.

मग १७८२ मध्ये लिनियसच्या मुलाने पँडानस ओडोरॅटिसिमस हे नाव दिलं आणि १७८५ मध्ये लामार्कने पँडानस फॅसिक्युलॅरिस. भारतात पुढे दीड-दोनशे वर्षं हीच दोन नावं चालली, कारण आपले फ्लोरा (एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींचे ग्रंथ) आणि औषधी वनस्पतींचे कोश ज्या पुस्तकांवर उभे होते त्यांत तीच होती.

आता नियम लावून बघा. प्रजातीचं नाव कोणतं? पँडानस १७७३ चं, केउरा १७७५ चं. जुनं ते खरं, म्हणून पँडानस. जातीचं विशेषण कोणतं? ओडोरिफेरा १७७५, ओडोरॅटिसिमस १७८२, फॅसिक्युलॅरिस १७८५. पुन्हा जुनं ते खरं. ही दोन टोकं जोडून पँडानस ओडोरिफर हे नाव ओटो कुंट्झे या जर्मन वनस्पतीतज्ज्ञाने १८९१ मध्ये लिहिलं. शेवटचं अक्षर नीट लिहा. केउरा स्त्रीलिंगी म्हणून तिथे ओडोरिफेरा होतं, पँडानस पुल्लिंगी चालवतात म्हणून इथे ओडोरिफर. पँडानस ओडोरिफेरा असं बऱ्याच पाट्यांवर दिसतं, ते चूक आहे.

इथे हुशार वाचक विचारेल की टेक्टोरियस तर १७७३ चं, मग सगळ्यात जुनं तेच नाही का? हाच या सगळ्यातला खरा मुद्दा आहे. नियम तुम्हाला एवढंच सांगतो की एका जातीची चार नावं असतील तर कोणतं ठेवायचं. जातीची हद्द कुठे आखायची हे नियम सांगत नाही. ताहितीचं झाड आणि मालवणचं झाड एकच जात आहे असं मानलंत, तर टेक्टोरियस हेच नाव सगळ्यांना लागेल आणि ओडोरिफर त्यात विरून जाईल. वेगळ्या मानल्यात तर आपल्याकडे ओडोरिफर आणि पॅसिफिकमध्ये टेक्टोरियस. अ‍ॅप चुकतं असं सरसकट म्हणता येत नाही. त्याला शिकवलेल्या फोटोंखाली दोन्ही मतांच्या लोकांनी नावं लिहिलेली असतात.

मी वेगळ्या मानतो, आणि आज बहुतेक अभ्यासकही तसंच मानतात. ओडोरिफर भारत-श्रीलंकेपासून आग्नेय आशियातून जपानच्या र्‍यूक्यू बेटांपर्यंत जातो, टेक्टोरियस पूर्व इंडोनेशियाच्या बेटांपासून ऑस्ट्रेलियाचा किनारा धरून हवाईपर्यंत. आपल्या केवड्याचे काटे मोठे, पांढुरके, हाताला चांगलेच लागणारे; टेक्टोरियसचे साधारणपणे आखूड. पण खरी परीक्षा फळात आहे, आणि केवड्याच्या नावांचा एवढा गुंता झाला तो फळामुळेच.

केवड्यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. गौरी-गणपतीच्या दिवसांत बाजारात येतं ते केवड्याचं कणीस नराचं. फिकट पिवळे-पांढरे छद (कणसाला वेढणारी पानं), आत परागांनी भरलेले तुरे, आणि तो वास. ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यात ज्याचं अत्तर काढतात तेही नराचंच कणीस. त्या तेलात फिनाइल एथिल मिथाइल ईथर हा घटक सर्वांत जास्त असतो. मादीच्या फुलाला असा वास नसतो, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. नराला केवडा आणि मादीला केतकी म्हणायची पद्धत काही ठिकाणी आहे, पण सगळीकडे ती पाळली जात नाही. नोंदवहीत गावात जे म्हणतात तेच लिहा.

वर्गीकरण मात्र मादीवर चालतं. पिकलेलं फळ नारिंगी-तांबडं, लांबून अननसासारखं. हातात घेतलंत तर ते एक फळ नाही हे लगेच कळतं: टणक, कोनदार गाठी एकमेकींना खेटून बसलेल्या असतात आणि पिकल्यावर एकेक सुटी होते. एक गाठ काढून तिचा माथा बघा. तिथे छोटे उंचवटे असतात आणि प्रत्येकावर मूत्रपिंडाच्या आकाराची वाळलेली कुक्षी चिकटलेली असते. जितके उंचवटे, तितकी किंजदलं (फुलातले मादी अवयव) एकत्र जुळून ती गाठ झालेली. उंचवट्यांमधल्या खाचा किती खोल आहेत, कुक्षी कोणत्या दिशेला वळली आहे, गाठ उभी चिरली की मधली आठळी कुठपर्यंत येते, वरच्या भागात भेंडासारखा पोकळ गर किती, यावर जाती ठरतात.

यात अडचण अशी की एकाच फळातल्या शेजारच्या दोन गाठींतही उंचवट्यांची संख्या सारखी नसते. सेंट जॉन यांनी पॅसिफिकच्या बेटांवर अशा फरकांवरून शेकडो नवी नावं दिली. पँडानसचे दुसरे अभ्यासक बेंजामिन स्टोन यांनी त्यांतली पुष्कळशी एकाच बदलत्या जातीची रूपं ठरवली. माझा कौल स्टोन यांच्या बाजूला आहे. किनाऱ्यावर राहणारं, समुद्रात तरंगत जाणाऱ्या फळांनी पसरणारं, शिवाय माणसांनी फांद्या लावून वाढवलेलं झाड. त्यात बेटागणिक थोडंथोडं वेगळं रूप दिसणं साहजिक आहे. काही पँडानसमध्ये परागीभवनाशिवाय बी धरल्याचंही नोंदलेलं आहे, म्हणजे एखादं रूप जसंच्या तसं पिढ्यान् पिढ्या चालू राहू शकतं.

हर्बेरियममध्ये दुसरी अडचण. अख्खं फळ कागदावर बसत नाही, वाळवताना बुरशी येते, काट्यांमुळे गोळा करणाराही दोन पानं घेऊन निघून येतो. मग त्या पानांवर जे नाव पडतं ते अंदाजाने पडलेलं असतं. उष्ण प्रदेशातल्या एवढ्या मोठ्या प्रजातीचे धड नमुने इतके कमी असणं हे मला या विषयातलं सर्वांत मोठं नुकसान वाटतं.

नुसतं पँडानस म्हणूनही भागत नाही, कारण प्रजातीच्या हद्दीही सरकल्या आहेत. पँडानेसी कुळात आज पाच प्रजाती धरतात. पँडानस स्वतः पाचशेहून जास्त जातींची, आफ्रिकेपासून हवाईपर्यंत पसरलेली. फ्रेसिनेशिया वेलींची, एका फ्रेंच दर्यावर्द्याच्या नावाची. सारारांगा अवघ्या दोन जातींची. मादागास्कर आणि सेशेल्समधला एक छोटा गट २००३ मध्ये मार्टेलिडेंड्रॉन म्हणून वेगळा झाला; फ्लॉरेन्सच्या उगोलिनो मार्टेली यांनी या कुळावर आयुष्य घातलं, त्यांचं हे नाव. आणि २०१२ मध्ये पँडानसमधला आणखी एक मोठा गट बाहेर काढून त्याला बेन्स्टोनिया म्हटलं गेलं, बेन स्टोन यांच्या स्मरणार्थ. बेन्स्टोनियात प्रत्येक गाठ एकाच किंजदलाची असते आणि माथ्यावर काट्यासारखं टोक येऊन त्यावर खाचेसारखी कुक्षी असते. ईशान्य भारत आणि बंगालकडे जाऊन केवडा बघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, रॉक्सबर्गचा पँडानस फीटिडस आता बेन्स्टोनिया फीटिडा झाला आहे.

मॉरिशसमधल्या मराठी मंडळींसाठी एक ओळ: तुमच्याकडच्या वाक्वा शहराचं नाव पँडानसवरून आहे, पण तिथला प्रसिद्ध पँडानस युटिलिस वेगळी जात, ज्याच्या पानांच्या पिशव्यांत पूर्वी साखर भरत. त्याला ओडोरिफर म्हणू नका.

तुमच्या गावात केवडा म्हणून आणखी काय काय सापडेल? घायपाताला काही भागांत केकताड म्हणतात आणि त्यावरून घोटाळा होतो. ते अगेव्ह, अमेरिकेतून आलेलं. परसात भाताला वास आणायला लावलेलं बिनकाट्याचं बुटकं झुडूप, बासमतीचं पान किंवा अन्नपूर्णा म्हणतात ते, पँडानस अ‍ॅमॅरिलिफोलियस. त्याचा वास येतो टू-अ‍ॅसिटाइल-वन-पायरोलिन या द्रव्याचा, आणि बासमती-आंबेमोहोरातही तेच द्रव्य आहे. त्याला फुलं फार म्हणजे फारच क्वचित येतात, तेव्हा पानावरूनच ओळखा. नर्सरीतला पांढऱ्या पट्ट्यांचा शोभेचा केवडा व्हीची या नावाने मिळतो. तो लावलेला आहे, रानातला नाही, अशी नोंद करा. गोवा-कारवारकडे डोंगरातल्या ओढ्याकाठी आणखी एक पँडानस दिसतो. जुन्या फ्लोरांत त्याला फर्केटस म्हटलं आहे, पण पश्चिम घाटातली झाडं त्या जातीहून वेगळी धरण्याकडे आता कल आहे. तसं झाड तुमच्या हद्दीत असेल तर पँडानस एवढंच लिहून थांबा आणि नमुना पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात दाखवा. पुणे विद्यापीठातही देशभरातल्या पँडानसवर काम झालं आहे.

नमुना घ्यायचा तर असा. आधी अख्ख्या झाडाचा फोटो, आधारमुळांसकट. मग एका पानाचा तळ, मध्य आणि शेंडा; मधल्या शिरेवरच्या काट्यांची टोकं कुठे पुढे आणि कुठे मागे वळली आहेत ते दिसलं पाहिजे. फळ झाडावर असतानाचा फोटो, त्याच्या देठासकट. मग एका फळातल्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातून दोन-दोन गाठी घ्या, प्रत्येक जोडीतली एक उभी चिरा, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. चिरलेल्या गाठी स्पिरिटमध्ये ठेवा, न चिरलेल्या सावलीत वाळवा आणि दोन्हींना एकच क्रमांक द्या. जाड चामड्याचे हातमोजे घाला.

फळ शोधायला मात्र वईतल्या केवड्याकडे जाऊ नका. वईला आणि बांधाला लावलेला केवडा फांद्या किंवा पिलं लावून वाढवलेला असतो आणि कणसासाठी नर झाडांचीच पिलं उचलली जातात. एखाद्या वाडीतला सगळा केवडा एकाच मूळ झाडाचा असू शकतो. मादी मिळायची शक्यता खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या पट्ट्यावर आपोआप वाढलेल्या बनात जास्त. पावसाळ्यात तिथे सापही असतात, एकट्याने शिरू नका.

नोंदवहीतली ओळ मग अशी होईल: केवडा; गावात वापरात असलेलं दुसरं नाव असेल तर ते; पँडानस ओडोरिफर; समनामं ओडोरॅटिसिमस आणि फॅसिक्युलॅरिस; कुळ पँडानेसी; जागा; लावलेला की आपोआप आलेला; नर की मादी. फक्त नर सापडला असेल तरीही किनाऱ्यावरच्या मोठ्या काट्यांच्या केवड्याला ओडोरिफर लिहायला हरकत नाही, पण शेऱ्याच्या रकान्यात "फळ पाहिलेलं नाही" एवढं जरूर लिहा.